रूपांतरित खडकांत भूकंपलहरींचा वेग दिशेनुसार कसा बदलतो, हे मोजण्याची पहिली तयारी

अभ्रकयुक्त शिस्ट या पानापानांच्या खडकाच्या एकाच ठोकळ्यातून लहरीचा वेग मी पहिल्यांदा दोन वेगवेगळ्या दिशांनी मोजला, तेव्हा दोन आकड्यांत इतका फरक आला की यंत्र बिघडले असे समजून मी दिवसभर केबल तपासत बसलो होतो. यंत्र ठणठणीत होते. बिघडली होती ती माझी समजूत, कारण वर्गात आम्ही प्रत्येक खडकाला वेगाचा एकच आकडा पाठ केला होता. ग्रॅनाइट किंवा बेसाल्टपुरते ते बहुतेक वेळा चालून जाते. रूपांतरित खडकांत, म्हणजे शिस्ट, नाइस किंवा अॅम्फिबोलाइट यांच्या बाबतीत मात्र लहर कोणत्या दिशेने गेली हे सांगितल्याशिवाय वेगाच्या आकड्याला अर्थ उरत नाही. या गुणधर्माला विषमदिकता म्हणतात. प्रयोगशाळेत सर्रास अनायसोट्रॉपी हाच शब्द ऐकू येईल. हे काम प्रथमच हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी पुढील टप्पे लिहीत आहे, आणि ज्या चुकांत माझे महिने गेले त्यांवर मुद्दाम अधिक थांबणार आहे.

आधी कारण समजून घ्या

खोलवर दाब आणि उष्णता सोसताना खडकातील खनिजे एका विशिष्ट दिशेने रांग धरतात. अभ्रकाची पाने एकावर एक आडवी होतात आणि हॉर्नब्लेंडचे लांबट स्फटिक एकाच बाजूला तोंड करतात. पानांच्या या पातळीला फोलिएशन म्हणतात, आणि त्या पातळीवर दिसणाऱ्या ताणलेल्या रेषांना लिनिएशन. अभ्रकाचा एकटा स्फटिक घेतला, तर पानाच्या पातळीत पी-लहर (प्रवासाच्याच दिशेने कंप पावणारी आणि आधी पोहोचणारी लहर) सेकंदाला सुमारे 8 किलोमीटर वेगाने धावते आणि पानाला लंब दिशेने जेमतेम साडेचार किलोमीटर. खडकात असे असंख्य स्फटिक एकाच दिशेने लागलेले असले, की हा फरक अंशतः संपूर्ण खडकात उतरतो. किती उतरेल, हे अभ्रकाचे प्रमाण आणि त्याच्या रांगेची शिस्त या दोन्हींवर अवलंबून असते. म्हणून भरपूर अभ्रक असलेल्या शिस्टमध्ये विषमदिकता 10 टक्क्यांच्या पुढे सहज जाते, तर क्वार्ट्ज आणि फेल्स्पार यांनीच भरलेल्या नाइसमध्ये ती काही टक्क्यांवरच राहते.

दुसरे कारण म्हणजे सूक्ष्म भेगा. त्याही बहुधा पानांच्या पातळीला समांतर असतात आणि पानांना लंब जाणाऱ्या लहरीला आणखी मंदावतात. खनिजांच्या रांगेमुळे पडलेला फरक आणि भेगांमुळे पडलेला फरक यांची सरमिसळ होऊ न देणे हा या कामातील निम्मा खटाटोप आहे.

सोबत काय लागेल

क्षेत्रकामासाठी: ब्रंटन कंपास, हातोडा आणि छिन्नी, न पुसला जाणारा मार्कर, त्याच्या जोडीला ऑइल पेंटची छोटी डबी, वही, कॅमेरा आणि त्या भागाचा भूवैज्ञानिक नकाशा. विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र आणि ओळखपत्र जवळ ठेवा. नमुना खाणीतून घ्यायचा असेल, तर व्यवस्थापनाची लेखी परवानगी आधीच मिळवा. फाटकावर तोंडी बोलणे पुरत नाही. वनक्षेत्रातही हाच नियम लागू आहे.

प्रयोगशाळेसाठी: कोअर (म्हणजे खडकाचा दंडगोल तुकडा) काढणारे कोअर ड्रिल, डायमंड ब्लेडचा कटर, पृष्ठभाग घासण्याचे यंत्र, मायक्रोमीटर, विजेचा ठोका देणारा पल्सर, ऑसिलोस्कोप, पी आणि एस (प्रवासाच्या दिशेला लंब कंप पावणाऱ्या) लहरींचे ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेच्या ठोक्याची लहर आणि लहरीची पुन्हा वीज करणारी साधने, यांची प्रत्येकी एक जोडी, घनता मोजण्यासाठी अचूक तराजू, ज्ञात वेगाच्या धातूचे दोन-तीन वेगवेगळ्या लांबीचे तुकडे आणि मधाची एक बाटली. मधाचे काम पुढे येईल.

1. नमुना निवडा आणि तो जागेवर असतानाच त्याच्यावर बाण काढा

महाराष्ट्रातील बहुतांश विद्यार्थ्यांच्या पायाखाली बेसाल्ट असतो, त्यामुळे या कामासाठी घरापासून थोडे लांब जावे लागते. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील सौसर गटात अभ्रकयुक्त शिस्ट, संगमरवर आणि त्यांच्या शेजारी तिरोडी नाइस आढळतात. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या बाजूला धारवाड काळातील शिस्ट आणि फिलाइट आहेत. सुरुवातीला फार घड्या पडलेला खडक घेऊ नका. पंधरा-वीस सेंटिमीटरच्या ठोकळ्यात पानांची पातळी सरळ आणि एकसारखी दिसत असेल असा आणि वाऱ्यापावसाने न कुजलेला खडक निवडा. अभ्रक तपकिरी पडून भुगा होत असेल, तर तो खडक देखणा असला तरी सोडून द्या.

ठोकळा फोडण्यापूर्वी त्याच्या एका सपाट बाजूचा स्ट्राइक (तिच्यावरील आडव्या रेषेची दिशा) आणि डिप (तिचा उतार) मोजा, त्याच बाजूवर स्ट्राइकची रेषा आणि डिपचा बाण काढा, आणि वरची बाजू कोणती ते लिहा. लिनिएशन दिसत असेल, तर तिची दिशा आणि कल वेगळा नोंदवा. मग फोटो काढा, आणि त्यानंतरच हातोडा उचला. माझ्या पहिल्या खेपेतील चार ठोकळ्यांवर मी साध्या मार्करने बाण काढले होते आणि कटरच्या पाण्याने त्यांपैकी तीन बाण धुऊन गेले. फोलिएशन ठोकळ्यातच दिसत असल्याने ती परत मिळाली, लिनिएशन पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली शोधता आली, पण उत्तर दिशा काही केल्या परत मिळाली नाही. ते नमुने केवळ प्रयोगशाळेतील तुलनेपुरते उरले. नकाशावर त्यांचा उपयोग शून्य झाला. तेव्हापासून मी बाण ऑइल पेंटने काढतो आणि वाळेपर्यंत थांबतो.

2. तीन दिशा ठरवा आणि त्यांची नावे शेवटपर्यंत बदलू नका

प्रचलित पद्धत अशी आहे. एक्स ही दिशा पानांच्या पातळीत, लिनिएशनला समांतर असते. वाय ही त्याच पातळीत, पण लिनिएशनला लंब. झेड ही पानांच्या पातळीला लंब. बहुतेक शिस्टमध्ये पी-लहर एक्स दिशेने सर्वांत वेगवान आणि झेड दिशेने सर्वांत संथ असते. हॉर्नब्लेंडचे स्फटिक एका रेषेत असलेल्या अॅम्फिबोलाइटमध्ये एक्स आणि वाय यांच्यातही ठळक फरक पडतो; अभ्रकाच्या बाबतीत तो बहुधा लहान असतो, कारण पानाच्या पातळीत अभ्रकाला दिशेचे फारसे सोयरसुतक नसते.

तीन परस्परलंब दिशांचे कोअर काढून वेग मोजण्याची ही रीत जुनी आहे. हार्वर्डचे फ्रान्सिस बर्च यांनी 1960 मध्ये 10 किलोबारपर्यंतच्या दाबाखाली खडकांतील पी-लहरींचे वेग प्रसिद्ध केले, आणि 1965 मध्ये निकोलस क्रिस्टेन्सन यांनी तितक्याच दाबापर्यंत रूपांतरित खडकांचे वेग मोजून दाखवले. आज उपकरणे बदलली असली, तरी तुमच्या तक्त्याचा सांगाडा तोच राहील.

या तिन्हींच्या जोडीला झेड आणि एक्स यांच्या मधोमध, 45 अंशांवर एक चौथा कोअरही काढा. तो लागतो कशाला, हे सहाव्या टप्प्यात सांगितले आहे.

3. कोअर काढा आणि टोके घासा

साधारण 25 मिलिमीटर व्यास आणि 40 ते 50 मिलिमीटर लांबी सोयीची पडते. दोन्ही टोके परस्परांना समांतर हवीत. तीन-चार ठिकाणी लांबी मोजल्यास फरक 0.05 मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. 1 मेगाहर्ट्झच्या ट्रान्सड्यूसरने 6 किलोमीटर प्रतिसेकंद वेगाच्या खडकात लहरीची लांबी 6 मिलिमीटर येते. खडकातील कण याहून बरेच लहान हवेत. डोळ्यांसारखे मोठे फेल्स्पार असलेला नाइस या आकाराच्या कोअरमध्ये मोजाल, तर संपूर्ण खडकाऐवजी एखाद्या फेल्स्पारच्याच वेगाचे माप हाती येईल.

झेड दिशेचा कोअर काढताना शिस्ट पानापानांवर तुटतो. हे सर्वांच्या बाबतीत घडते. ड्रिल संथ ठेवा, दाब कमी द्या, आणि तरीही तुटत असेल तर ठोकळ्याला बाहेरून प्लास्टर करून मग ड्रिल करा. तुटलेला कोअर डिंकाने चिकटवून मोजण्याचा मोह टाळा, कारण मग डिंकाची एक फटही तुम्ही मोजत असता.

4. यंत्राचा स्वतःचा विलंब काढून टाका

या टप्प्याकडे नवखे सर्वाधिक दुर्लक्ष करतात आणि त्याची शिक्षाही सर्वांत गुपचूप मिळते. पल्सरने ठोका दिल्यापासून ऑसिलोस्कोपवर उठाव दिसेपर्यंतच्या वेळेत लहर खडकातून जाण्याचा वेळ असतोच, शिवाय केबल, ट्रान्सड्यूसरचे आवरण आणि त्याचा पत्रा यांतून जाण्याचाही वेळ असतो. धातूचे वेगवेगळ्या लांबीचे तुकडे मोजून लांबीविरुद्ध वेळ असा आलेख काढा. ती सरळ रेषा शून्य लांबीवर जो वेळ दाखवते तोच तुमच्या यंत्राचा विलंब. पी आणि एस यांसाठी तो वेगवेगळा काढावा लागतो.

विलंब न वजा केल्यास काय होते, याचे एक उदाहरण सोडवून पाहा. समजा, खडकाचा खरा वेग एक्स दिशेने 6.4 आणि झेड दिशेने 5.6 किलोमीटर प्रतिसेकंद आहे. दोन वेगांतील फरकाला त्यांच्या सरासरीने भागून शंभराने गुणले, की विषमदिकता 13.3 टक्के येते. आता 0.5 मायक्रोसेकंदाचा विलंब तसाच राहू द्या. दोन्ही कोअर 50 मिलिमीटरचे असतील, तर वेग 6.02 आणि 5.30 असे दिसतात आणि विषमदिकता 12.6 टक्क्यांवर उतरते. पण झेड दिशेचा कोअर तुटून 30 मिलिमीटरच उरला असेल, तर त्याचा वेग 5.12 दिसतो आणि विषमदिकता एकदम 16 टक्क्यांवर चढते. नेमका तोच कोअर आखूड राहण्याची शक्यता जास्त असल्याने ही चूक बहुधा तुमच्या मनासारख्या बाजूला झुकते, आणि म्हणूनच ती लवकर खटकत नाही. माझ्या पहिल्या अहवालातील विषमदिकता याच कारणाने फुगलेली होती.

5. मोजा, आणि एस-लहरीपुढे घाई करू नका

ट्रान्सड्यूसर आणि खडक यांच्यात हवेचा पापुद्रा राहिला, तर लहर पुढे जात नाही. पी-लहरीसाठी ग्रीस चालते. एस-लहर पातळ द्रवातून जात नाही, म्हणून तिथे घट्ट मधाचा पातळ थर लावतात. कपाटात मध दिसला म्हणून कोणी हसू नये. प्रत्येक कोअरवर ट्रान्सड्यूसर काढून, पुसून, पुन्हा लावून किमान तीन वाचने घ्या. उठावाची वेळ वाचताना 0.05 मायक्रोसेकंदाची चूक धरली, तर आठ मायक्रोसेकंदांच्या प्रवासात ती 0.6 टक्के होते आणि दोन दिशांची तुलना करताना आणखी वाढते. त्यामुळे एक-दोन टक्क्यांची विषमदिकता सापडल्याचा दावा या पद्धतीच्या बळावर करू नका.

एस-लहरीला प्रवासाची दिशा असते आणि कंपनाचीही दिशा असते, त्यामुळे प्रत्येक कोअरवर दोन वाचने घ्यावी लागतात. उदाहरणार्थ, एक्स दिशेच्या कोअरवर एकदा कंपन वाय दिशेने ठेवून आणि एकदा झेड दिशेने ठेवून मोजा. शिस्टमध्ये पहिली लहर वेगवान आणि दुसरी संथ निघते. कवचात एकाच भूकंपाची एस-लहर दुभंगून एकामागून एक नोंदली जाते, त्यामागेही हेच कारण असते. येथे दोन सापळे आहेत. एस ट्रान्सड्यूसरमधून थोडी पी-लहरही निसटते आणि ती आधी पोहोचते. पडद्यावरील पहिली हालचाल म्हणजे एस असे समजू नका. दुसरे म्हणजे कंपनाची दिशा पानांना तिरकी राहिली, तर दोन्ही लहरी एकदम उठतात आणि उठाव गढूळ होतो. यावर उपाय सोपा आहे. एक ट्रान्सड्यूसर स्थिर ठेवून दुसरा 90 अंशांत फिरवा; एस-लहरीचा उठाव जवळजवळ नाहीसा झाला, तर कंपन नीट रांगेत आहे.

एक फुकटची तपासणीही करून घ्या. एक्स दिशेने जाणारी आणि वाय दिशेने कंप पावणारी लहर आणि वाय दिशेने जाणारी, एक्स दिशेने कंप पावणारी लहर, यांचे वेग सिद्धांतानुसार सारखेच यायला हवेत. हे दोन कोअर वेगवेगळे असल्याने थोडा फरक चालेल. पण तो चुकीच्या मर्यादेबाहेर गेला, तर एकतर ठोकळा एकसारखा नाही, किंवा एखाद्या कोअरवरचे नाव चुकले आहे. माझ्या बाबतीत दोनदा नावच चुकलेले निघाले.

6. दाब द्या, आणि मगच खनिजांविषयी बोला

खोलीतील दाबाला मोजलेला वेग हा भेगांसकट मोजलेला वेग असतो. कवचात दर किलोमीटर खोलीला दाब साधारण 27 मेगापास्कलने वाढतो, आणि बहुतेक स्फटिकी खडकांत 150 ते 200 मेगापास्कलपर्यंत सूक्ष्म भेगा मिटतात. तोपर्यंत वेग झपाट्याने चढतो आणि नंतर आलेख जवळजवळ सरळ होतो. झेड दिशेचा वेग सर्वांत जास्त चढत असल्याने, दाब वाढतो तशी विषमदिकता कमी होत जाते आणि पुढे स्थिरावते. त्या स्थिर टप्प्यातील विषमदिकता तेवढी खनिजांची. दाबयंत्रात ठेवण्यापूर्वी कोअरला तांब्याचा पातळ पत्रा किंवा रबराची नळी चढवा, नाहीतर तेल भेगांत शिरेल. दाब चढवताना आणि उतरवताना मिळणारे वेग तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून सर्व कोअरसाठी एकच बाजू वापरा.

दाबयंत्र सर्वांना मिळत नाही. ते नसेल, तर तुमचे आकडे खोलीच्या दाबाचे आणि कोरड्या नमुन्याचे आहेत असे स्पष्ट लिहा, आणि स्फटिकांची दिशा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या ईबीएसडी पद्धतीने (स्फटिकावरून मागे फिरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या आकृतीवरून) मोजून, एमटेक्ससारख्या मोफत संगणकीय साधनाने भेगारहित वेगाचा हिशेब करून तो शेजारी मांडा. हिशेबाचा आणि मोजलेल्या आकड्याचा फरक बहुतांशी भेगांचा असतो.

आता त्या चौथ्या कोअरविषयी. वेगाचा वर्ग घनतेने गुणला की स्थितिस्थापकतेचा गुणांक मिळतो. वरच्याच उदाहरणात घनता 2750 किलो प्रति घनमीटर धरली, तर एक्स दिशेचा सी-11 हा 112.6 गिगापास्कल आणि झेड दिशेचा सी-33 हा 86.2 गिगापास्कल येतो. यांतील फरकाला सी-33 च्या दुपटीने भागले, की लिऑन थॉमसन यांनी 1986 मध्ये मांडलेला एप्सिलॉन हा विषमदिकतेचा आकडा मिळतो, 0.153. तो आणि वरचे 13.3 टक्के हे एकाच खडकाचे असूनही वेगवेगळे आकडे आहेत. एका लेखातील टक्के आणि दुसऱ्या लेखातील एप्सिलॉन शेजारीशेजारी ठेवून तुलना करू नका. एक्स आणि झेड दिशांना जोडणारा सी-13 हा गुणांक मात्र सरळ दिशांच्या कोणत्याही कोअरमधून मिळत नाही, त्यासाठी 45 अंशांचाच कोअर लागतो. त्यात लहरीची ऊर्जा अक्ष सोडून बाजूला सरकत असल्याने कोअर फार लांब आणि ट्रान्सड्यूसर फार लहान असा जोड टाळा.

7. प्रयोगशाळेतून जमिनीकडे जाताना

आपल्या उदाहरणातील खडकाचा 10 किलोमीटरचा सलग पट्टा धरला, तर पी-लहर पानांना समांतर 1.56 सेकंदांत आणि पानांना लंब 1.79 सेकंदांत जाईल. भूकंपाचे स्थान शोधताना पाव सेकंदाच्या जवळ जाणारा हा फरक क्षुल्लक नसतो. परंतु निसर्गात 10 किलोमीटरभर पाने क्वचितच एका दिशेला राहतात. घड्यांमुळे दिशा बदलत जाते आणि विषमदिकता बरीचशी एकमेकींत विरते. म्हणून कोअरचा आकडा थेट नकाशावर लावू नका, आधी त्या भागातील फोलिएशनच्या नोंदी मांडा.

फोलिएशन आडवी की उभी, यावर सर्व चित्र फिरते. जर्मनीत बव्हेरियातील विंडिशएशेनबाख येथील खोल विंधनविवर 1994 मध्ये 9101 मीटरपर्यंत पोहोचले, आणि ते तीव्र कललेल्या पानांच्या नाइस आणि अॅम्फिबोलाइटमधून गेले. अशा ठिकाणी खालून वर येणारी लहर जवळजवळ पानांच्या बाजूने धावते, म्हणजे वेगवान दिशेने. आडवी जाणारी लहर पाने ओलांडत असेल, तर मागे पडते. आडव्या फोलिएशनमध्ये याच्या नेमके उलट घडते.

कोयनेकडे पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. तेथे 3 किलोमीटर खोल पथदर्शी विंधनविवरात सुमारे 1250 मीटर बेसाल्टच्या खाली ग्रॅनाइट आणि नाइसचा पाया लागला. अशा पायात लहरीचा वेग दिशेनुसार बदलताना दिसला, म्हणून त्याचे श्रेय लगेच अभ्रकाच्या रांगेला देऊ नका. ग्रॅनाइटी खडकात अभ्रक कमी असते, आणि सध्याच्या ताणामुळे एका दिशेला उघड्या राहिलेल्या भेगाही तसाच परिणाम घडवतात.

8. तक्त्यात काय लिहावे

प्रत्येक वेगासमोर प्रवासाची दिशा, एस-लहर असल्यास कंपनाची दिशा, दाब, नमुना कोरडा की ओला, कोअरची लांबी, घनता आणि चुकीची मर्यादा यांचे रकाने ठेवा. विषमदिकतेचे सूत्र तक्त्याखाली लिहा, कारण काही जण फरकाला सरासरीने भागतात तर काही जण कमाल वेगाने. खनिजांचे प्रमाण मोजलेला पातळ काप त्याच ठोकळ्याचा आणि एक्स-झेड पातळीतलाच असू द्या.

कोअर काढून उरलेला ठोकळा टाकू नका. बाणाची बाजू वर ठेवून तो नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवा. परीक्षक 45 अंशांचा आणखी एक कोअर मागतात तो बहुधा सर्व काम आटोपल्यावर, आणि तो त्याच ठोकळ्यातून काढावा लागतो.